एलडीएल वाढलं की पेशी लवकर म्हाताऱ्या होतात का? जनुकांच्या आधाराने हे कसं तपासायचं

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात बायोस्टॅटिस्टिक्स शिकवते. थीसिसचा विषय ठरवायची वेळ आली की मेडिसिन आणि बायोकेमिस्ट्रीचे रेसिडेंट हमखास एक प्रश्न घेऊन येतात: कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या माणसाच्या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात का? आराखडाही तयार असतो. शंभर रुग्ण, शंभर निरोगी माणसं, उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, पांढऱ्या पेशींमधल्या टेलोमिअरची, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांची, लांबी आणि शेवटी दोन्हींचं कोरिलेशन, म्हणजे दोन्ही सोबत वाढतात-घटतात का ते. प्रश्न उत्तम आहे. पण या आराखड्यातून त्याचं उत्तर निघत नाही. ते शोधायची दुसरी एक वाट आहे आणि तिला लॅब लागत नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि एकेका जनुकाबद्दल बसून वाचायची तयारी एवढं पुरतं.

कोरिलेशन का पुरत नाही ते आधी बघू. सिगारेट ओढणाऱ्याचं एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, कमी असतं आणि टेलोमिअरही आखूड असतात. यात हात एचडीएलचा की सिगारेटचा? स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे, गोंधळ आणखी वाढतो. अटॅक येऊन गेलेल्या, मधुमेह असलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, गोळ्यांमुळे ७० पर्यंत उतरलेलं असतं आणि टेलोमिअर आखूड असतात. मग तक्त्यात कमी एलडीएल आणि आखूड टेलोमिअर शेजारीशेजारी बसतात आणि निष्कर्ष उलटाच निघतो.

जनुकांची वाटणी मात्र गर्भधारणेच्या क्षणी होते. आईवडिलांकडे दोन प्रकार असले तर मुलाला त्यातला कुठला मिळेल हे नशिबावर असतं. पुढे ते मूल सिगारेट ओढेल का, गोळ्या घेईल का, याचा त्या वाटणीवर परिणाम होत नाही. जन्मापासून एलडीएल थोडं कमी ठेवणारा जनुकीय फरक ज्यांच्यात आहे आणि ज्यांच्यात नाही, अशा लोकांच्या टेलोमिअरची तुलना केली, तर एलडीएलचा स्वतःचा परिणाम बराचसा वेगळा काढता येतो. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन, थोडक्यात एमआर, म्हणतात.

या विचाराची एक सुरुवात कोलेस्टेरॉलच्याच प्रश्नातून झाली, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडतं. कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांमध्ये कर्करोग जास्त दिसतो, असं १९८० च्या दशकात काही पाहण्यांतून समोर येत होतं. कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो, की शरीरात दडलेली गाठच कोलेस्टेरॉल खाली आणते? नेदरलँड्सचे मार्टाइन कातान यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून सुचवलं की एपीओई या जनुकाचा ई२ प्रकार असलेल्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी असतं. कमी कोलेस्टेरॉल हेच कारण असेल, तर कर्करोगाच्या रुग्णांमध्ये ई२ जास्त सापडायला हवा. पुढे २००३ मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी या विचाराला पद्धतीचं रूप दिलं. आपल्याकडेही हे काम झालं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून चालवला. त्या अभ्यासाची आणि म्हैसूरच्या एका अभ्यासाची माहिती एकत्र करून आईच्या रक्तातलं होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) आणि बाळाचं जन्मवजन यांचा संबंध त्यांनी २०१४ मध्ये याच पद्धतीने तपासला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तो पेपर मी आधी वाचायला लावते.

प्रश्न कागदावर उतरवा

संगणक उघडण्याआधी एक वाक्य लिहा. ‘चरबी आणि म्हातारपण’ हा प्रश्न होत नाही. ‘एलडीएल एक एसडीने वाढलं तर पांढऱ्या पेशींच्या टेलोमिअरची लांबी किती बदलते?’ हा होतो. एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप. एक एसडी म्हणजे किती, तेही शेजारी लिहा. आपण वापरणार आहोत त्या अभ्यासात एलडीएलचा एसडी साधारण ३८.७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, एचडीएलचा १५.५. हे आकडे समोर असले की शेवटी आलेलं उत्तर मोठं की किरकोळ ते कळतं.

टेलोमिअर म्हणजे वय, असं मात्र समजू नका. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा आलेली असतात आणि पेशी विभागली की त्यातली थोडी गळतात. पांढऱ्या पेशींमध्ये ही घट वर्षाला साधारण २० ते ४० अक्षरजोड्यांची असते. पण दोन समवयस्क माणसांच्या टेलोमिअरमध्ये जन्मापासूनच एवढा फरक असतो की लांबी पाहून वय ओळखणं शक्य नसतं. शिवाय लांब टेलोमिअर म्हणजे सगळं छान, असंही नाही. २०१७ मध्ये याच पद्धतीने केलेल्या एका मोठ्या अभ्यासात जनुकीयदृष्ट्या लांब टेलोमिअर असलेल्यांना हृदयविकाराचा धोका कमी, पण कित्येक कर्करोगांचा धोका जास्त निघाला. त्यामुळे निकालात ‘टेलोमिअर लांबले’ असं आलं की लगेच ‘तारुण्य टिकलं’ लिहून मोकळं होता येत नाही.

टेलोमिअरखेरीज दुसरं माप म्हणजे एपिजेनेटिक घड्याळं. डीएनएवरच्या मिथाइल खुणा मोजून ती वयाचा अंदाज देतात. होर्वाथ यांचं २०१३ चं घड्याळ ३५३ जागा पाहतं. या घड्याळांचा जनुकीय अभ्यास २०२१ मध्ये साधारण ४०,००० लोकांवर झाला, म्हणजे टेलोमिअरच्या मानाने फारच लहान. माझा सल्ला असा की टेलोमिअर मुख्य ठेवा, घड्याळ जोडीला घ्या, आणि कोणतं मुख्य हे निकाल पाहण्याआधी तारीख घालून लिहून ठेवा.

फायली निवडताना

या पद्धतीत प्रत्येक माणसाची माहिती हातात असावी लागत नाही. मोठ्या जनुकीय सर्वेक्षणांनी, ज्यांना सगळे जीवास म्हणतात, आपल्या निकालांच्या फायली खुल्या केल्या आहेत. एका फायलीतून जनुकीय फरकाचा एलडीएलवरचा परिणाम घ्यायचा, दुसरीतून त्याच फरकाचा टेलोमिअरवरचा.

टेलोमिअरसाठी निवड सोपी आहे. लेस्टर विद्यापीठाच्या गटाने यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-साठ्यातल्या ४,७२,१७४ लोकांवर केलेला २०२१ चा अभ्यास घ्या. लिपिडसाठी मात्र थांबून विचार करा. ग्लोबल लिपिड्स जेनेटिक्स कन्सोर्टियमचा २०२१ चा अभ्यास तब्बल १६.५ लाख लोकांचा आहे आणि साहजिकच सगळ्यांचा हात तिकडे जातो. पण त्यात यूके बायोबँकचे लोकही आहेत. एकच माणसं दोन्ही फायलींत असली आणि इन्स्ट्रुमेंट, म्हणजे साधन म्हणून वापरलेले जनुकीय फरक, कमजोर असली, तर उत्तर पुन्हा त्या जुन्या कोरिलेशनच्या बाजूला झुकतं. म्हणून मी मुख्य विश्लेषणासाठी याच कन्सोर्टियमचा २०१३ चा अभ्यास घ्यायला सांगते. तो १,८८,५७७ लोकांचा, यूके बायोबँकची जनुकीय माहिती खुली होण्याआधीचा आहे. चरबी कमी करण्याच्या गोळ्या घेतात असं माहीत असलेले लोक त्यातून शक्य तिथे वगळले होते, हा आणखी एक फायदा. मोठा अभ्यास नंतर पडताळणीसाठी वापरा.

ज्या फायलीत बीएमआय गणितातून आधीच वजा केला आहे ती टाळा. बीएमआय स्वतः जनुकांवर आणि इतर कारणांवर अवलंबून असतो. तो वजा केला की जे संबंध मुळात नव्हते ते नव्याने उभे राहू शकतात.

साधनं सगळी फुकट आहेत. आर आणि आरस्टुडिओ टाका, त्यात टू-सॅम्पल-एमआर हे पॅकेज घ्या. फायली ब्रिस्टल विद्यापीठाच्या ओपन जीवास या साठ्यात आहेत. तिथे २०२४ पासून खातं उघडून टोकन घ्यावं लागतं. ते टोकन आरच्या एन्व्हायर्नमेंट फायलीत ठेवा, स्क्रिप्टमध्ये नको, कारण स्क्रिप्ट व्हॉट्सॲपवर फिरते. साठ्यातला २०१३ चा एलडीएलचा क्रमांक आयईयू-ए-३००, एचडीएलचा २९९, ट्रायग्लिसराइडचा ३०२, टेलोमिअरचा आयईयू-बी-४८७९.

इन्स्ट्रुमेंटची वही

आता मुख्य कामाला लागू. इथे जो वेळ घालवेल त्याचंच काम टिकतं, असं माझं ठाम मत आहे.

एलडीएलशी घट्ट जोडलेले स्निप, म्हणजे डीएनएमधले एकेका अक्षराचे फरक, काढा. पी व्हॅल्यूची सीमा नेहमीचीच: दशांश चिन्हानंतर सात शून्यं आणि मग ५. एकाच जागेवरचे, एकमेकांबरोबर वारशात येणारे स्निप गाळा. आर-वर्ग (दोन स्निप किती जोडीने येतात त्याचं माप) ०.००१ पेक्षा कमी आणि अंतर १०,००० किलोबेस, ही पॅकेजमधली मूळ सेटिंग ठीक आहे.

नंतर प्रत्येक स्निपचा एफ, म्हणजे इन्स्ट्रुमेंटच्या ताकदीचं माप, काढतात. परिणामाला त्याच्या स्टँडर्ड एररने भागायचं आणि वर्ग करायचा. ‘सर्व एफ १० पेक्षा जास्त आहेत’ हे वाक्य प्रत्येक पेपरात असतं. पण वरची सीमा जेमतेम ओलांडणाऱ्या स्निपचा एफसुद्धा ३० च्या आसपास असतो. सीमा ढिली करून दशांशानंतर चार शून्यं आणि १ वर आणली तरी एफ १९ च्या वर राहतो. म्हणजे त्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. सीमा ढिली करून भरती केलेले स्निप एफच्या चाळणीतून आरामात पार होतात, आणि त्यातल्या किती जणांचा चरबीशी खरोखर संबंध आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून वही घ्या. खरीखुरी वही चालेल, एक्सेलही चालेल. तीन रकाने पाडा: स्निप, जवळचं जनुक, आणि हे जनुक आणखी काय काय करतं. तिसरा रकाना भरायला एकेका ओळीला अर्धा तास लागू शकतो. लागू दे.

काही ओळी स्वच्छ निघतील. एलडीएलआर हे यकृतावरच्या एलडीएल रिसेप्टरचंच जनुक. पीसीएसके९ तो रिसेप्टर मोडून टाकतं. त्यात बिघाड होऊन एलडीएल जन्मापासून २८ टक्के कमी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांमध्ये हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला, हे २००६ मध्ये छापून आलं आणि त्यातून नव्या औषधांना बळ मिळालं. एचएमजीसीआर म्हणजे स्टॅटिन ज्यावर काम करतं ते एन्झाइम. एनपीसी१एल१ म्हणजे एझेटिमाइबचं लक्ष्य. हे चौघे एलडीएलच्या वाटेवरचे.

काही ओळींवर मात्र लाल शाई लागेल. एसएच२बी३ एलडीएलशी जोडलेलं दिसतं, पण ते रक्तदाबाशीही आहे, प्लेटलेटशी आहे, पांढऱ्या पेशींशी आहे, सीलिॲक आजाराशीही आहे. टेलोमिअर आपण मोजतो ते पांढऱ्या पेशींमध्येच. मग या जनुकाचा टेलोमिअरवरचा परिणाम चरबीतून आला की रक्तपेशींच्या घडणीतून, हे कसं सांगणार? एबीओ, म्हणजे रक्तगटाचं जनुक, तसंच. ट्रायग्लिसराइडच्या यादीत जीसीकेआर येईल. ते ट्रायग्लिसराइड वाढवतं त्याच वेळी उपाशीपोटीची साखर कमी करतं. आणि एपीओई: एलडीएलवर प्रचंड परिणाम, अल्झायमरवर प्रचंड परिणाम, आयुर्मानाच्या जनुकीय अभ्यासांत सगळ्यांत ठळक वर येणारी जागा. कातान यांच्या पत्रातलं तेच हे जनुक, पण आपल्या प्रश्नासाठी ते एकटं भरवशाचं नाही. ते धरून एकदा आणि वगळून एकदा, असं दोन्ही प्रकारे उत्तर काढा.

एचएमजीसीआरलाही आंधळेपणाने स्वच्छ म्हणू नका. एलडीएल कमी करणारे त्याचे प्रकार वजन आणि मधुमेहाचा धोका थोडा वाढवतात, हे २०१५ मध्ये दिसलं आहे. तेही वहीत लिहा.

अलील जुळवणं

अलील म्हणजे त्या जागेवर असू शकणारं अक्षर. एलडीएलच्या फायलीत परिणाम टी अलीलसाठी दिलेला असेल आणि टेलोमिअरच्या फायलीत त्याच जागेवर जी अलीलसाठी, तर एका आकड्याचं चिन्ह उलटायला हवं. नाहीतर सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर उलटं. हार्मोनाइज डेटा हे फंक्शन हे काम करतं, पण अडचण येते ती ए-टी आणि सी-जी जोड्यांत. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर ही अक्षरं सारखीच दिसतात, त्यामुळे फायलीने कुठला धागा वाचला ते कळत नाही. फंक्शन अलीलच्या वारंवारतेवरून अंदाज बांधतं आणि वारंवारता निम्म्याच्या जवळ असली तर तो स्निप टाकून देतं. किती टाकले ते पाहा, नोंदवा आणि पाच-सहा स्निप हाताने ताडून बघा. वारंवारतेचा रकाना दोन्ही फायलींत जुळायला हवा.

आकडेमोड

एक स्निप हातानेच करून पाहा. एलडीएलआर जवळचा आरएस ६५११७२० घ्या. त्याच्या टी अलीलने एलडीएल साधारण ०.२२ एसडीने कमी होतं. आता समजा, त्याच टी अलीलचा टेलोमिअरवरचा परिणाम अधिक ०.००४ आणि स्टँडर्ड एरर ०.००४ निघाला. हे दोन आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. ०.००४ भागिले उणे ०.२२ म्हणजे उणे ०.०१८. एररही ०.२२ ने भागा: ०.०१८. म्हणजे एलडीएल एक एसडीने वाढलं तर टेलोमिअर ०.०१८ एसडीने आखूड, आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल साधारण उणे ०.०५३ ते अधिक ०.०१७. शून्य आत आहे, म्हणजे या एकट्या स्निपवरून काही म्हणता येत नाही. असे सगळे स्निप, ज्याचा एरर कमी त्याला जास्त वजन देऊन, एकत्र केले की आयव्हीडब्ल्यू (इन्व्हर्स व्हेरियन्स वेटेड) उत्तर मिळतं. एमआर हे फंक्शन ते क्षणात देतं. पण एकदा हाताने केलेलं असलं की तोंडी परीक्षेत अडखळायला होत नाही.

पुढे तपासण्या. वेटेड मीडियन: निम्म्यापर्यंत वजन खराब स्निपांचं असलं तरी तग धरतं. एमआर-एगर: इंटरसेप्ट शून्यापासून दूर गेला तर आडवाटेचा, म्हणजे एलडीएलला वळसा घालून होणारा, परिणाम एकाच दिशेने ओढतोय असं समजा; मात्र स्निप मोजकेच असतील तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. एकेक स्निप वगळून पाहणं आणि कॉक्रनचा क्यू (स्निपांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते सांगणारा आकडा) हे नेहमीचं. आयव्हीडब्ल्यू, वेटेड मीडियन आणि एगर या तिन्ही पद्धतींची पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली यायलाच हवी असा हट्ट धरू नका. दिशा आणि आकार जुळतात का ते पाहा.

माझ्या मते खरी कसोटी वेगळी आहे आणि ती वहीतून येते. एलडीएल हेच जर कारण असेल, तर ते एलडीएलआरच्या वाटेने कमी होवो, पीसीएसके९ च्या, एचएमजीसीआरच्या की एनपीसी१एल१ च्या, दर एक एसडीमागे टेलोमिअरवरचा परिणाम सारखाच यायला हवा. म्हणून प्रत्येक जनुकाचं उत्तर वेगळं काढून एकाच आकृतीत एकाखाली एक मांडा. हृदयविकारासाठी ही कसोटी एलडीएलने झकास पार केली आहे. तुमच्या आकृतीत परिणाम फक्त एसएच२बी३ आणि एबीओ मध्ये दिसला आणि चारही स्वच्छ जनुकांची उत्तरं शून्याभोवती आली, तर एकत्रित पी व्हॅल्यू कितीही लहान असो, एलडीएलला दोष देऊ नका.

एचडीएल घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. एलआयपीजी या जनुकाचा एक फरक जवळपास एकट्या एचडीएललाच वाढवतो, प्रति डेसिलिटर साधारण ५.४ मिलिग्रॅमने. निरीक्षणांच्या हिशेबाने अशा लोकांमध्ये हार्ट अटॅक १३ टक्के कमी व्हायला हवे होते. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात काहीच फरक आढळला नाही. एचडीएल वाढवणारे बहुतेक स्निप ट्रायग्लिसराइड कमी करतात. एलपीएल त्यातलं ठळक. म्हणून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड वेगवेगळे तपासून थांबू नका, दोन्हींसोबत एलडीएल घालून एकत्र विश्लेषण करा. जमल्यास अपोबी-ही (एलडीएलसारख्या कणांवरचं प्रथिन) घ्या, कारण हृदयविकाराच्या बाबतीत २०२० मध्ये तिन्हींमागचा खरा धागा अपोबी असल्याचं दिसलं.

उलटी दिशा

टेलोमिअरपासून चरबीकडे असंही तपासायचं. लेस्टरच्या अभ्यासात १३८ जागांवरचे १९७ स्निप आहेत. टीईआरटी आणि टीईआरसी ही टेलोमेरेझ या एन्झाइमची जनुकं त्यात आहेत, तसं रक्तपेशींच्या घडणीचं बरंच कायकायही आहे. इथे एक तांत्रिक गोष्ट आडवी येते: २०१३ चा लिपिड अभ्यास जुन्या चिपवर झाला, त्यात आजचे कित्येक स्निप नाहीतच. अशा प्रत्येक स्निपाबरोबर वारशात येणारा पर्यायी स्निप शोधा, आर-वर्ग ०.८ च्या वर असलेला. किती सापडले, किती नाहीत, तक्त्यात द्या. दोन्ही दिशांना परिणाम दिसला तर बहुधा सामाईक जनुकांचा गोंधळ आहे. वहीकडे परत जा.

१७९ चरब्यांचा मोह

फिनलंडमधल्या ७,१७४ लोकांच्या रक्तातल्या १७९ प्रकारच्या चरब्यांचा जनुकीय अभ्यास २०२३ मध्ये आला आणि त्याच्या फायली खुल्या आहेत. एक लूप लावला की १७९ उत्तरं, त्यातली काही ठळक, आणि आठवड्याभरात पेपर. असे पेपर ढिगाने निघाले आहेत. माझ्याकडे हा आराखडा आला तर मी सही करत नाही, कारण विद्यार्थ्याला त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

एवढ्या लहान अभ्यासात बऱ्याच चरब्यांना घट्ट जोडलेले स्निप एक-दोनच मिळतात. मग सीमा ढिली होते आणि पुढे काय होतं ते एफच्या परिच्छेदात आलंच आहे. शिवाय १७९ मधल्या कितीतरी चरब्या एकाच जागेला बांधलेल्या असतात: अकराव्या गुणसूत्रावरची एफएडीएस जनुकं. ती लांब साखळीची असंतृप्त मेदाम्लं बनवतात, त्यामुळे त्यातल्या एकाच फरकाने डझनावारी फॉस्फोलिपिड वर-खाली होतात. निकालात वीस चरब्या ‘टेलोमिअरचं कारण’ म्हणून चमकल्या, तर आधी एफएडीएस वगळून पुन्हा चालवा. वीसच्या दोन उरल्या, तर तुम्हाला एका जनुकाचं एकच निरीक्षण वीस वेळा मिळालं होतं. आणि ०.०५ ला १७९ ने भागायला विसरू नका, सीमा ०.०००२८ होते.

चरबीच्या प्रकारांचीच आवड असेल तर एफएडीएसवरच सरळ थीसिस करा. एक जनुक, एक एन्झाइम, स्पष्ट प्रश्न.

हे आपल्या माणसांना लागू होतं का?

तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. आपण वापरलेल्या टेलोमिअरच्या फायलीतले लोक जवळपास सगळे युरोपीय वंशाचे. १६.५ लाखांच्या लिपिड अभ्यासातही दक्षिण आशियाई वंशाचे लोक साधारण अडीच टक्के. स्निप गाळायला वापरतात त्या १००० जीनोम्स संचात आपल्या बाजूचे पाच गट आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकेचे तमिळ. मराठी एकही गट नाही. पीसीएसके९ चा जो फरक युरोपात शंभरातल्या दोन-तीन माणसांत सापडतो, तो आपल्याकडे फार दुर्मीळ आहे. रिसेप्टरचं काम जगभर एकच. पण कोणता फरक किती जणांत आणि कोणत्या शेजारी स्निपाबरोबर वारशात येतो, हे बदलतं. आपल्याकडे चरबीचा साचाही वेगळा असतो: ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, दिसायला बारीक माणसाच्या अंगातही चरबी. याज्ञिक यांनी आपल्या ब्रिटिश सहकाऱ्यासोबतचा एक फोटो २००४ मध्ये छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, दुसऱ्याच्या, म्हणजे याज्ञिकांच्या, २१.२.

म्हणून दोन गोष्टी करा. लिपिड कन्सोर्टियमच्या २०२१ च्या दक्षिण आशियाई फायलीतून तुमच्या स्वच्छ स्निपांचे परिणाम काढा आणि युरोपीय परिणामांशेजारी ठेवा. निदान इन्स्ट्रुमेंट आपल्याकडे चालतात का ते कळेल. आणि निष्कर्षाच्या वाक्यात ‘युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये’ हे शब्द घाला. शीर्षकातही घाला.

लिखाणासाठी २०२१ ची स्ट्रोब-एमआर यादी आहे, तिचे २० मुद्दे एकेक करून तपासा. आरची आणि पॅकेजची आवृत्ती, फायल उतरवल्याची तारीख, गाळलेल्या स्निपांची कारणांसह यादी आणि वहीचा तिसरा रकाना, हे परिशिष्टात द्या. परिणाम नाही असं निघालं तर ‘संबंध नाही’ असं लिहून थांबू नका. इंटर्व्हल लिहा, म्हणजे किती मोठा परिणाम तुम्ही खात्रीने नाकारू शकता ते वाचणाऱ्याला कळतं. फायली खुल्या आणि बिननावाच्या असल्या तरी एथिक्स कमिटीला पत्र द्या. सूट मिळते, पण ती लेखी हवी. एलडीएल-टेलोमिअरचं अखेरचं उत्तर मी इथे मुद्दाम देत नाही. उत्तर आधी कळलं की स्निप गाळताना हात त्याच्याकडे झुकतो.

आपल्या माणसांवरचं उत्तर आपल्याच माहितीतून यावं लागेल. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकांची माहिती फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे आणि २०२५ च्या जानेवारीपासून संशोधकांना अर्ज करून मागता येते. जनुकं, चरबी आणि टेलोमिअर तिन्ही एकाच माणसात मोजलेला मोठा मराठी गट उभा राहायचा असेल, तर त्याची तयारी विभागातल्या साध्या नोंदींपासून होते. लिपिडचा नमुना स्टॅटिन सुरू होण्याआधीचा की नंतरचा ते लिहा. त्याच दिवशीचा पांढऱ्या पेशींचा डिफरेन्शियल काउंट जोडून ठेवा. डीएनए काढलं असेल तर एक भाग उणे ८० अंश सेल्सिअसवर राखून ठेवा. आणि संमतिपत्रात, रुग्णाला कळेल अशा मराठीत, पुढच्या जनुकीय अभ्यासासाठी परवानगीची वेगळी ओळ आणि वेगळी सही घ्या.